डाव्या वळणावरचा दिवा

अजूनही डोळे मिटले की ते रस्ते दिसतात. रुंद, नवेकोरे आणि चिटपाखरू नसलेले. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या नवी मुंबईत रस्ते आधी येऊन बसले होते आणि माणसं मागाहून यायची होती. नेरूळच्या आमच्या सोसायटीतून सकाळी निघालं की खाडीवरून धुकं यायचं, समोरचा रस्ता त्यात विरघळायचा. त्या धुक्यात मी आमची छोटी लाल गाडी चालवायचे. बस कधी येईल याचा नेम नाही, ओळखीचं कुणी नाही, नवरा सकाळी ऑफिसला गेला की संध्याकाळी उगवायचा. पण गाडीत बसले की मी कुणाची सून नाही, बायको नाही, नुसती निघालेय, असं वाटायचं. एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

शेजारच्या सीटवर सासूबाई असायच्या. साताऱ्याकडच्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर पिशवी. त्यांना पुढेच बसायचं असायचं आणि त्याचं कारण भलतंच होतं. किल्ली फिरवली की स्टिअरिंगमागे एक लाल दिवा लागायचा, ब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला असेपर्यंत तो लागलेला राहतो, खाली केला की जातो. सासूबाई त्या दिव्याला हात जोडायच्या. तिन्हीसांजेला घरात बटण दाबलं तरी त्या बल्बला नमस्कार करायच्या, मग हा तर गाडीतला दिवा! मी हँडब्रेक सोडला की त्यांचा चेहरा पडायचा.

"शांत झाला गं," त्या म्हणायच्या. दिवा विझला असं त्यांच्या तोंडून कधी यायचं नाही. "जरा ठेवायचा हुता की लावून."

"आई, तो लागलेला राहिला तर आपलं काही खरं नाही," मी म्हणायचे. त्यांना ते कधीच पटलं नाही.

एका सकाळी घात झाला. बेलापूरकडे जाताना धुक्यातून अचानक दगडी कठडा समोर आला. चौक! आदल्या दिवशी तिथे चौक नव्हता, शपथेवर सांगते. तेव्हा हे असंच चालायचं, रात्रीतून गोल कठडा उभा राहायचा आणि ना पाटी, ना दिवा. मी गोंधळून गाडी उजवीकडे वळवली, पण पुढचं डावं चाक कठड्यावर धाडकन आदळलं. आम्हा दोघींना खरचटलंसुद्धा नाही. गाडीही निमूट चालली. सासूबाईंनी घरी आल्यावर आधी माझी दृष्ट काढली, मग गाडीची.

चार-आठ दिवसांनी तो लाल दिवा गाडी चालू असतानाच मधूनच लागायला लागला. मी नवऱ्याला सांगितलं. ते खाली आले, उभ्या गाडीत बसले, हँडब्रेक ओढला, सोडला. दिवा लागला, गेला.

"बघ. काही झालेलं नाही. तू हँडब्रेक अर्धवट सोडतेस."

"अहो, मी पूर्ण सोडते! त्या दगडानंतरच सुरू झालंय हे."

"गाडी दगडावर कुणी घातली? मी?" ते म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, "हे बघ, आई सोबत असते. मला ऑफिसात टेन्शन नको. तू राहू दे गाडी आता."

आणि किल्ली कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली. माझ्या डोक्यात असली तिडीक गेली! ते भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते ओरडले नाहीत, त्यामुळे मला ओरडताही येईना. बाल्कनीत उभी राहून मी खालच्या गाडीकडे बघत बसायचे. धुकं यायचं, जायचं, आणि मी आपली डाळीला फोडणी देत इथेच. रडूही आलं दोन-तीनदा, खोटं कशाला सांगू?

रविवारी उरणला जायचं ठरलं. सासूबाईंची धाकटी बहीण तिथे असायची. नवरा गाडी चालवायला, सासूबाई पुढे दिव्याजवळ, आणि मी मागे, तोंड फुगवून. बाहेर मिठागरं लागली. पाण्याच्या चौकोनांत आभाळ उतरलेलं होतं, खाली ढग आणि वरही ढग, आणि मधून आमची गाडी तरंगत चाललेली. राग धरून ठेवणं कठीण जात होतं. डोळ्यांवर झापड येत होती.

तेवढ्यात सासूबाईंचे हात वर गेले, जोडले, खाली आले. जरा वेळाने पुन्हा. मग पुन्हा. अर्धवट झोपेत मी बघत होते, आणि मग झोप उडाली.

"आई, किती वेळा नमस्कार करताय?"

"काय करू गं, आज लई चंचल हाय दिवा. डावीकडं वळलं की येतोय. सरळ झालं की शांत."

मी पुढे वाकून बघितलं. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक पूर्ण खाली होता. त्याला कुणीही हात लावलेला नव्हता.

"अहो, गाडी थांबवा."

"काय झालं?"

"ब्रेकचं ऑइल उतरलंय. ते कमी झालं तरी हाच दिवा लागतो. वळणावर बाटलीत हिंदकळतंय, म्हणून मधूनच येतोय. थांबवा म्हणते ना!"

"अगं, हँडब्रेक—"

"आता तुम्ही चालवताय! तुम्हीही अर्धवट सोडलाय का?"

त्यांनी ब्रेक दाबला. पाय खूप खाली गेला, हे मला मागून त्यांच्या खांद्यावरून कळलं. दोनदा, तीनदा दाबल्यावर गाडी कशीबशी कडेला उभी राहिली. पुढे जरा अंतरावर उतार होता आणि उतारावरून एक ट्रक वर येत होता. तो गेला. बॉनेट उघडलं, तर बाटलीच्या तळाशी जेमतेम ऑइल. मी खाली वाकून डाव्या चाकाच्या आत बोट फिरवलं आणि ते ओलं बोट नवऱ्यासमोर धरलं. कठड्यावर आदळलं होतं तेच चाक. तिथली ब्रेकची नळी चेपून झिरपत होती.

ते वाकून चाक बघायला लागले. बोलल्या सासूबाई, गाडीतूनच, मान बाहेर काढून.

"आरं, त्या दगडाच्या आधी असं कधी झालं न्हाई. तिनं तो दांडा खाली टाकला की दिवा लगेच जायचा. रोज बघत हुते मी. मला रोज वाईट वाटायचं."

नवऱ्याने येणाऱ्या एका टेम्पोला हात केला.

गाडी पनवेलच्या गॅरेजमधून आली त्या संध्याकाळी किल्ली कपाटात गेली नाही. टेबलावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी ती ठेवली होती. दुसऱ्या दिवशी धुकं होतं. सासूबाई पुढे बसल्या. मी किल्ली फिरवली, दिवा लागला, त्यांनी हात जोडले. जोडलेले हात तसेच धरून त्या दिव्याकडे टक लावून बघत राहिल्या.

मी हँडब्रेक खाली टाकला. दिवा गेला.

"झाला बाई शांत," त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतले. "चल आता."