घानातला ब्रदर

घानाला निघालो तेव्हा अब्बा मला सोडायला जतच्या स्टँडवर आले होते. बॅग चढवताना कंडक्टरनं विचारलं, "पोरगं कुठं चाललंय?"

"आफ्रिकेत. मोठ्या दवाखान्यात."

"डॉक्टर हाय व्हय?"

अब्बा माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय."

सांगलीपर्यंत तो कंडक्टर मला त्याच्या गुडघ्यावर इलाज विचारत होता. गरम पाण्यानं शेका म्हणालो. माझी डॉक्टरकी तेवढ्यावरच संपली.

मी नर्स आहे, तोही मनोरुग्णांचा. आपल्याकडं बाई असली की सिस्टर म्हणतात आणि पुरुष असला की ब्रदर. वॉर्डात हे खपून जातं. पण अब्बांचं बाजारपेठेत गाद्यांचं दुकान. तिथं बसून "पोरगा ब्रदर आहे" म्हणायचं, तर समोरचा विचारणार, "कुणाचा?" आणि वेड्यांचा म्हणून सांगितलं तर पुढं बोलणंच खुंटणार. त्यामुळं मी डॉक्टर झालो. दुकानात फोन लावला की अब्बा शेजारच्याला मोठ्यानं सांगायचे, "डॉक्टरसाहेबांचा फोन हाय." मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. एकदा तरी त्यांनी माझं काम त्याच्या खऱ्या नावानं सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. ती बोलून दाखवायची रीत आमच्या घरात नव्हती.

जतलाच राहिलेल्या तुम्हाला आणि माझ्यासारखं गाव सोडून आखाताला, पुण्याला गेलेल्या तुम्हालाही इथलं, घानातलं थोडं सांगतो. इथल्या वडापच्या गाड्यांना ट्रोट्रो म्हणतात. माणसं कोंबायची पद्धत मात्र आपलीच. आंबवलेल्या मक्याचा उंडा तिखट रश्श्याशी खातात, त्याला बांकू म्हणतात. पहिलं वर्ष मी भाकरीसाठी रडलो, आता सुट्टीवर गावी गेलो की बांकू आठवतो. मी राजधानीत, अक्रात, दवाखान्यातच नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवतो. वर्गात निम्मे मुलगेच असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

तसं का, ते मेन्सा मास्तरांनी सांगितलं. ते निवृत्त नर्स, पहिल्या वर्षाला इतिहास शिकवायला येतात. ते म्हणाले, इंग्रजांच्या काळात इथं वेड्यांना कोंडायची जागा होती आणि ती सांभाळायला दांडगे पुरुष ठेवायचे. रुंद खांदे हीच पात्रता. कमरेला किल्ल्या, हातात बादली, आणि शिक्षण शून्य. पुढं काही जण इंग्लंडला जाऊन शिकून आले, इथंच शाळा निघाली, राखणदाराचा नर्स झाला. मग नर्स दवाखान्याबाहेर पडले. मेन्सा स्वतः मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचे. कुठं झाडाला, कुठं प्रार्थनेच्या जागी साखळीनं बांधलेलं माणूस असायचं. त्याच्याशेजारी जमिनीवर बसून ते आधी घरच्यांशी बोलायचे, मग औषधाचं काढायचे.

"आणि माझी आई," शेवटी ते म्हणाले, "चर्चमध्ये सांगायची, माझा मुलगा सरकारी कचेरीत आहे."

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरानं. ही लाज म्हणजे खास आपल्या तालुक्याची पैदास, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

अम्मी गेल्यावर अब्बांचा विसरभोळेपणा वाढला. आधी दुकानाचा रस्ता चुकला, मग माणसं. धाकटा भाऊ आणि भावजय सगळं करतात, पण गेल्या वर्षी लांब सुट्टी काढून मी जतला गेलो. आंघोळ, जेवण, कपडे बदलणं, सगळं मी करायचो. हातांना सवयीचं काम होतं, म्हणून जमलं.

एका दुपारी मी त्यांची दाढी करत होतो. आम्ही घरात दखनी उर्दू बोलतो. मराठी दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायची. अब्बांनी मान वर केली आणि मराठीत विचारलं, "पावणं, गाव कंचं तुमचं?"

मी त्यांचं गिऱ्हाईक झालो होतो. म्हणालो, "हितलाच."

"हात लय हलका हाय तुमचा."

मी गालावरून वस्तरा फिरवत राहिलो.

"माझं पोरगं बी ह्येच काम करतं. घानात. वेड्यांचा ब्रदर हाय."

मला राहवलं नाही. "डॉक्टर न्हाई व्हय?"

"न्हाई वं," अब्बा जरा चिडूनच म्हणाले. "डॉक्टर बघून जातो. ह्यो जवळ ऱ्हातो."

मी वस्तरा खाली ठेवला. अर्धी दाढी साबणात तशीच ठेवून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, मग परत येऊन राहिलेली केली.

अक्रात अजूनही कुणी घर कुठं विचारलं की मी जतच सांगतो. त्या घरात अब्बा मला मुलगा म्हणून ओळखत नाहीत. पण त्या दुपारी, नर्स म्हणून, मी तिथं पहिल्यांदाच आत गेलो.