मोटारीचा सालदार

शेतीले सालदार ठेवते, ढोराले ठेवते, ते समजलं. पण मोटारीले सालदार ठेवलेला ऐकला का कुठी? आमच्या केनवडात होता. युसूफ त्याचं नाव. कारंज्याचा, हाताचा लय गुणी, अन् त्या गुणापायीच फसला बिचारा.

मी सोजरबाई, मारोतराव देशमुखाच्या घरी सैपाकाले होती. मालकानं अकोल्याच्या एका वकिलाची जुनी मोटार इकत घेतली. वकिलानं ती काहून विकली हे मले पहिल्याच दिवशी समजलं, मालकाले मरेपर्यंत नाई समजलं. जराशी चाले अन् बसे. मंग बैल जुपा, वढून आणा. म्हून मालकानं युसूफले पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालानं बांधून घेतलं, बाकीच्या गड्यांसारखंच. एका सालासाठी आला होता, पण मालक सोडेच ना, तीन सरत आले.

झालं काय, का मोठी लढाई लागली अन् मोटारीचं विलायती सामान येणं बंद झालं. मंग युसूफ घरचंच लावे. मोटेच्या चामड्याचा पट्टा, बाभळीच्या खुट्या, तेलाचा डबा कापून केलेलं झाकण. हँडल मारायच्या आधी सरकवा लागते ती दांडी मोडली तं त्यानं ती उलटीच बसवली. साऱ्या दुनियेतल्या मोटारीत जे वर करा लागते ते हिच्यात खाली. मोटार चाले, मालक खूश! पण जेवढी तो दुरुस्त करे, तेवढी ती दुसऱ्या कोणाचं ऐकेनाशी होये. मी तं तिले मेहरुन्निसाची सवतच म्हणो.

मेहरुन्निसा म्हणजे त्याची बायको. मोटारीच्या कोठ्यामागच्या खोपीत एक पावसाळा काढला तिनं, अन् मायकडं कारंज्याले निघून गेली. तिचं तरी काय चुकलं? तिसऱ्या सालच्या हिवाळ्यात तिचा सांगावा आला. इथल्या दौलतसिंगाले आपल्या पाशिंजरच्या सर्व्हिस मोटारीवर मिस्तरी ठेवायचा हाय, पाडव्याले या. नाई आले तं मंग येऊच नका.

"पळून जा न," मी म्हटलं.

"साल मोडून आलेल्याले दौलतसिंग दारात तरी उभं करीन का, सोजरबाई?"

खरंच होतं. पळालेल्या गड्याले कोणी ठेवत नव्हतं.

मालकानं खुशीनं सोडलं तरच दुसरीकडं काम भेटे, म्हून त्यानं मालकाले विचारलं. मालक म्हणे, "दुसरा कोणी चालवून दाखव, अन् खुशाल जाय." रिसोडहून बाबूसिंग ड्रायव्हरले आणलं. युसूफ त्याले घसा फुटेपर्यंत सांगे, दांडी खाली, भाई, खाली! पण हाताची सवय जाते का? बाबूसिंगानं दांडी वर केली, हँडल मारलं, अन् हँडल असं उलटं फिरलं का त्याचं मनगटच मोडलं. अन् मालक हसून म्हणते कसे, "पाह्य, माह्या मोटारीले तूच पायजे!" असा संताप आला मले! माणूस तिथं कण्हून राह्यला, अन् याले कवतिक सुचते.

मंग एका सकाळी मी कोठ्याकडं गेली तं युसूफ मोटारीखालच्या काळ्या तेलावर राख टाकून राह्यला. इंजिनातलं सारं तेल त्यानं सोडून देल्लं होतं. मले पाहून त्यानं हात जोडले. मी काई पाह्यलंच नाई, म्हटलं. मोटारच मेली तं मोटारीचा गडी कायले लागते?

शिरपूरच्या रस्त्यानं एकटाच घेऊन गेला तो तिले. दिवस मावळता बैलांनी वढून आणली.

"जाम झाली, मालक. मेली ही."

मालक मोटारीच्या पायरीवर बसले. डोळ्यात पाणी! चिडले असते तं बरं झालं असतं. युसूफच्या मानेवर हात ठेवून म्हणे, "तू असतानी कशी मरीन? उठव इले. पाडव्याले तू मोकळा, शब्द देतो."

"नाई होत म्हून सांगून टाक," मी त्याले आडोशाले घेऊन म्हटलं.

त्यानं इंजिन खोललं, हात घालून पाह्यलं, अन् तोंड उतरलं त्याचं. "आतल्या बेरिंगचं शिसं वितळलं फक्त. दुरुस्त होते हे, सोजरबाई." मंग म्हणे, "अन् शब्द देल्ला हाय मालकानं." शिसं वितळवून, वतून, घासून, जेवणाची सुद नाई, असा लागला कामाले. गाणं म्हणे बाप्पा काम करतानी!

पाडव्याच्या सकाळी सारे गडी वसरीसमोर जमले. आमच्याकडं मालकाच्या हातचा विडा ज्यानं घेतला, तो पुढच्या सालाले बांधला गेला. ज्याले जायचं तो हात जोडते अन् म्हणते, मालक, यंदा नाई. युसूफची पेटी बांधून तयार होती. त्यानं मोटार आणली, साऱ्यांसमोर हँडल मारलं. अन् काय सांगू, अशी फुरफुरली का पोरं-म्हातारे सारे वरडाले लागले. मालकाले तं सुदच राह्यली नाई.

युसूफची पाळी आली. कोपरापर्यंत काळे हात त्यानं जोडले. "मालक, यंदा..."

"मेलेली उठवली गा यानं!" मालक वसरीवरून धावतच उतरले. "असा माणूस कोणी सोडते का? हात काळे हाय तं असू दे!" अन् आपल्या हातानं तो विडा त्यांनी युसूफच्या तोंडात कोंबला.

लोकायनं टाळ्या वाजवल्या. मालक त्याची पाठ थोपटून राह्यले, अन् युसूफचे हात तसेच जोडलेले. थुंकला असता तं ते मालकाच्या तोंडावर थुंकणं झालं असतं, साऱ्या गावासमोर. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी काय करणार होती? उभी राह्यली तशीच.

मंग तो हळूहळू विडा चावाले लागला.