रिकाम्या दुकानाची किल्ली

रामनगरच्या बसस्टँडसमोर कापडाचं एक दुकान कित्येक वर्षं बंद होतं. शाळेच्या नोकरीसाठी मी रोज तिथूनच बस धरायची. एके दिवशी एक बाई त्या दुकानात झाडलोट करताना दिसली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळ्यांसारखी अक्का म्हणायची.

मालकाकडून किल्ली मागून घेऊन तिने जळमटं काढली, पाण्याचा माठ ठेवला, जुन्या साडीचा आडोसा केला. कुंभारवाड्याकडे बस कमी. तिकडच्या बाळंतिणी आणि म्हाताऱ्या दवाखाना करून परतताना तासन्‌तास उन्हात बसायच्या. आता त्या आत टेकू लागल्या. कुणी आली की अक्का आधी पदराने बाक पुसायची, मगच बोलायची.

बायकांची वर्दळ वाढली तसं मालकाला दुकान आठवलं. त्याने किल्ली परत घेतली आणि जागा दारूच्या दुकानाला भाड्याने दिली.

"अक्का, तुम्ही भांडला नाहीत?" मी विचारलं.

"जागा त्येची हाय. कुणाला नको हुती, तवर आमची वाटायची."

पलीकडचं किराण्याचं दुकानही अलीकडेच बंद पडलं होतं. त्याची किल्ली मागून बघा, असं मी सुचवलं. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"परत झाडायचं, आनी परत कुणाला तरी गिऱ्हाईक आणून द्यायचं व्हय, बाई?"

बस येईपर्यंत आम्ही उन्हातच उभ्या होतो. आत नवा पंखा फिरत होता.