नेलीच्या घड्याळाचं लग्न

नेली पेरनूचं डोकं भंजाळलं ते एका रकान्यामुळं. विम्याच्या अर्जावर छापलं होतं, ‘घड्याळ कोणी बनवलं?’ आणि पुढं जागा एका नावापुरती. आता ल लॉक्लसारख्या घड्याळांच्या स्विस गावात त्र्याऐंशी वर्षं काढलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे कमालच झाली. या गावात एकट्यानं कोणी घड्याळ बनवतं का? काटे एका घरात, तबकडी दुसऱ्या घरात, डबी तिसऱ्या आळीत. खुद्द नेलीनं छत्तीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून घड्याळाची केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यानं वाकवली. फॅक्टरीतून खोका यायचा, त्यावर तिचा नंबर, एकशे चौदा. काम झालं की खोका परत. ती स्प्रिंग पुढं कोणाच्या मनगटावर गेली, देव जाणे!

तिनं बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी रकान्यात लिहिलं, ‘ल लॉक्ल.’ आठ दिवसांत अर्ज परत. ‘कृपया गावाचं नको, बनवणाऱ्याचं नाव लिहा.’

“अरे, तेच तर लिहिलंय की मेल्यांनो!” नेली एकटीच त्या कागदावर ओरडली.

विमा हवा होता कारण एक तारखेला ती वरच्या आळीतल्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होती. तिथल्या व्यवस्थापक मादाम बुर्कां शिस्तीच्या पक्क्या. मोलाची वस्तू विम्याच्या कागदाशिवाय आत न्यायची नाही, जवळच्या नातेवाइकाकडे ठेवायची. नेलीच्या अंगावर मोलाचं काय, तर नवऱ्याचं हे घड्याळ. आर्मांला जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून ती ते घालत होती. आणि जवळचा नातेवाईक कोण, तर पुतण्या जिल्बेर. पोरगा वाईट नाही हो, पण त्याच्या हाती दिलेली वस्तू संपलीच. आर्मांचा अकॉर्डियन त्यानं हौसेनं नेला, गॅरेजमध्ये टाकला आणि उंदरांनी त्याचा भाता खाल्ला. घड्याळ गेलं तर तिच्याजवळ आर्मांचं काहीच उरणार नव्हतं.

हे घड्याळ आर्मांच्या हातावर तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. नोव्हेंबर महिना, बाहेर बर्फ. फॅक्टरीचा खोका घेऊन नेहमीचा म्हातारा आला नाही, हा उंच, लाल कानांचा पोरगा आला. खोका दिला आणि तिथंच उभा. मग म्हणाला, “मादमुआझेल, तुमच्यात किती वाजले?”

“चार. का, तुमच्या हातावर काय शोभेला बांधलंय?”

“मिळवून बघतोय,” तो म्हणाला, आणि त्याचे कान आणखी लाल झाले.

घड्याळजी असून वेळ विचारायला आला, यावरून नेलीनं त्याला साठ वर्षं चिडवलं. तोही हसायचा. घड्याळ मात्र अस्सल आहे, शिकाऊपण संपलं तेव्हा फॅक्टरीनं दिलंय, सगळं एकाच फॅक्टरीचं, असं तो छातीठोक सांगायचा.

अर्ज परत आल्यावर जिल्बेरनं सुचवलं, “काकू, तज्ज्ञाला दाखव. शहरातले ते मस्ये त्रिपे घड्याळांचे दाखले देतात.” तोच गाडीनं न्यूशातेलला घेऊन गेला.

त्रिपे हा पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस. त्यानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि हुं हुं करत राहिला. मग म्हणाला, “मादाम, याचं लग्न झालंय.”

“हो, माझ्याशीच.”

“तुमच्या यजमानांचं नाही. घड्याळाचं.”

नेलीनं जिल्बेरकडं पाहिलं. जिल्बेरनं छताकडं पाहिलं.

“आमच्या धंद्यात तसं म्हणतात,” त्रिपे समजावू लागला. “डबी एका फॅक्टरीची, यंत्र दुसरीचं, तबकडी तिसरीची. इकडचंतिकडचं गोळा करून कोणीतरी जुळवलंय. अशा घड्याळाला आम्ही लग्न झालेलं म्हणतो. म्हणजे अस्सल नव्हे.”

नेलीच्या तोंडात कोणी मारावी तसं झालं. साठ वर्षं आर्मां खोटं बोलला? आणि कशासाठी? कोणी विचारलं होतं त्याला? रागही येईना, रडूही येईना, नुसतं काही कळेना.

“आणि ही स्प्रिंग तर कहरच,” त्रिपेला रंग चढला होता. “शेवटचा बाक बघा, टोकाशी वळवताना केवढा लवकर घेतलाय. कोण्या शिकाऊ मुलीचं काम. फॅक्टरीनं नाकारलेला माल असणार हा.”

“भिंग द्या इकडं,” नेली म्हणाली.

“मादाम, तुम्हाला त्यात काय...”

“द्या म्हणते ना!”

तिनं सवयीनं भिंग डोळ्याला लावलं. स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी उघडमीट करत होती. शेवटचा बाक लवकर घेतलेला, आणि डावीकडून. नेली डावखुरी. कामाला लागली त्या पहिल्या वर्षी तपासनिसानं तिला याच बाकावरून झापलं होतं, एक अख्खा खोका नाकारला होता, आणि ती आईच्या कुशीत रात्रभर रडली होती. तो खोका भंगारात गेला, असंच ती आजवर समजत होती. तो नाकारला गेला ऑक्टोबरात, आणि आर्मां दारात आला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

“काय झालं, काकू?” जिल्बेरनं विचारलं. ती भिंगातून बघतच राहिली.

त्रिपे मवाळ झाला. “निराश होऊ नका. यंत्र ज्या फॅक्टरीचं आहे तिथली तबकडी माझ्याकडे आहे, स्प्रिंगही आहे. बदलून देतो. मग दाखला देता येईल, विमाही होईल.”

“आणि ही स्प्रिंग?”

“ही टाकून द्यायची.”

“हात लावू नका तिला!” नेली एवढ्या जोरात ओरडली की जिल्बेर खुर्चीतून उठला. “झाकण लावा. जे दिसलं तेच लिहा आणि मला घरी जाऊ द्या.”

परतीच्या वाटेवर जिल्बेर चुचकारत म्हणाला, “काकू, मग माझ्याकडं ठेवायचं ना? जपीन मी.” मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरून नेली खिडकीबाहेर बघत बसली.

एक तारखेला मादाम बुर्कांनी टेबलापाशी त्रिपेचा कागद वाचायला घेतला. नेली सगळ्यांना वाटायला आणलेला मनुकांचा गोड पाव मांडीवर घेऊन समोर बसली होती. जिल्बेर घड्याळासाठी पेटी घेऊन शेजारी उभा.

“बनवणारा, सांगता येत नाही. प्रकार, लग्न झालेलं. विमायोग्य किंमत, नाही.” मादाम बुर्कांनी चष्मा काढला. “मग हे इथं कशाला आणलंत? नियम मोलाच्या वस्तूंना आहे. असू द्या हातावर.”

जिल्बेर पेटी घेऊन तसाच उभा राहिला. नेलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सबंध पाव मादाम बुर्कांच्या पुढ्यात ठेवला.

खोली मिळाली, जिल्बेर सामान लावून गेला. चर्चमध्ये चारचे टोले पडले. नेलीनं सवयीनं मनगटाकडं पाहिलं. बरोबर चार.

खोक्यावर नंबर असतो. नाकारलेल्या खोक्यावरही तो असणारच, आणि तो खोका भंगारात जाण्याआधी आर्मांच्या हाती लागला असणार. एकशे चौदा कोण, हे विचारायला फॅक्टरीत कितीसा वेळ लागतो?

“म्हणजे तू वेळ विचारायला आलाच नव्हतास रे, लबाडा,” ती मोठ्यानं म्हणाली. “माझी स्प्रिंग हातावर बांधून मला बघायला आला होतास.”

आणि मग चिडवायला आर्मां समोर नाही, या दुःखानं ती पलंगावर बसून हमसून हमसून रडली.