घोटीचा बर्फ

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, बर्फावरून घसरण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी महाराष्ट्रातली पहिली शाळा सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी घोटीला, एका भाताच्या गिरणीमागे सुरू झाली आणि त्याच दिवशी जेवणाच्या आधी बंद पडली. संस्थापक मी. मुख्याध्यापक मी. एकमेव जखमीही मीच.

शाळा का काढावी लागली ते सांगायचं तर माझ्या लग्नापर्यंत मागे जावं लागेल. (घाबरू नका, पंगती आणि मानपान वगळतो.)

लग्नानंतर सुलभाला सिमल्याला जायचं होतं. बर्फ नुसता बघायचा नव्हता, त्यावर एकदा उभं राहायचं होतं. मी तिला वणीच्या गडावर नेलं. डोंगर दोन्हीकडे, गार वारा दोन्हीकडे, शिवाय गडावर देवीचं दर्शन! हा युक्तिवाद मी तिला एसटीत सविस्तर ऐकवला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं."

ते 'बरं' पुढे चौदा वर्षं आमच्या घरात राहिलं. मी नाशिकरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि काटकसर हा माझा कुणी न नेमलेला विषय होता. महाबळेश्वर ठरलं, रद्द झालं. "बरं." उटी ठरलं, रद्द झालं. "बरं." आवाज कधी चढला नाही. चढला असता तर भांडता तरी आलं असतं!

त्या वर्षी मात्र सुलभाने मला विचारलंच नाही. ब्लाउज शिवून साठवलेले पैसे घेऊन ती स्टेशनवर गेली, रांगेत उभी राहिली, तीन तिकिटं काढून आणली आणि देवघरात ठेवली. देवाच्या ताब्यात दिलेली वस्तू मी परत करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मनालीला जायचंय," ती म्हणाली. "केतकी बारा वर्षांची झाली. माझ्या हनिमूनला बर्फ दिसला नाही, आणि तिच्या हनिमूनला काही मी जाऊ शकत नाही."

माझ्या हातात आता फक्त वरखर्च उरला. शाळेतल्या एका सहकाऱ्याने माहिती पुरवली की तिथे सगळं भाड्याने मिळतं. कोट भाड्याने. बूट भाड्याने. बर्फावरून घसरायच्या फळ्या भाड्याने. आणि घसरायला शिकवणारा माणूस तासावर!

तासावर शिक्षक? माझ्यासारखा शिक्षक घरात फुकट बसलेला असताना?

आधी कोटांचा प्रश्न सोडवला. निफाडला माझा एक जुना विद्यार्थी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. एप्रिलअखेर द्राक्षं संपतात आणि आत काम करणाऱ्यांचे जाड कोट खुंटीवर लोंबत राहतात. त्याने तीन दिले. गुडघ्यापर्यंत लांब, निळे, गंधकाचा वास मारणारे, आणि पाठीवर पिवळ्याजर्द अक्षरांत छापलेलं : 'दार लावून घ्या'.

"बाबा, मी हा मरेन पण घालणार नाही," केतकी म्हणाली.

"अगं, ऊब बघ किती!"

"पाठीवर काय लिहिलंय ते बघा किती!"

"हिमाचलात मराठी कोण वाचणार आहे?"

केतकीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

आता शाळा. सुलभाचा धाकटा भाऊ दिलीप, याची घोटीला भाताची गिरणी. भात भरडला की तूस उरतं, आणि उन्हाळ्यापर्यंत गिरणीमागे त्या तुसाचा दुमजली डोंगर झालेला असतो. हलकं, गुळगुळीत, सोनेरी. मी दर दिवाळीला तो डोंगर बघत आलो होतो. पण त्यात दडलेलं हिमालयाचं रूप मला या वर्षीच दिसलं!

दिलीपचा जुना माणूस सोमा, पलीकडच्या पाड्यावरचा, बांबूच्या कामात पटाईत. त्याने जाड बांबू उभे चिरून दोन जोड फळ्या केल्या, टोकं विस्तवावर धरून वर वळवली आणि पाय बांधायला सायकलच्या ट्यूबा लावल्या. हातात धरायला कुंच्याच्या काठ्या. आम्ही तिघं कोट चढवून अंगणात उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि कौलं तापली होती.

"दाजी, या उन्हात कोट?" दिलीपने विचारलं.

"रंगीत तालीम आहे."

सोमा ढिगाकडे बघून म्हणाला, "गुरजी, तूस हाय ते. बरफ नाय."

"सोमा, विज्ञानाच्या दृष्टीने दोन्हीत फरक नाही. घर्षण कमी, वेग जास्त."

"बरं," सोमा म्हणाला. (हा शब्द सुलभाच्या माहेराकडूनच आला असावा, असा मला त्या क्षणी संशय आला.)

शिडी लावून मी, सुलभा आणि केतकी माथ्यावर चढलो. मी व्याख्यान दिलं. घसरण्याविषयीचं माझं सगळं ज्ञान बँकेच्या कॅलेंडरवरच्या एका चित्रातून आलं होतं. त्यात एक गोरा माणूस बर्फाच्या उतारावर होता आणि मी त्याचा महिनाभर अभ्यास केला होता. "नियम तीन," मी म्हणालो. "एक, अंग मागे रेलवायचं. दोन, गुडघे ताठ. तीन, नजर आपल्या पायांवर." (चित्रातला तो माणूस पडण्याच्या बेतात होता, हे मला फार पुढे कळलं.)

मी अंग मागे रेलवलं, गुडघे ताठ केले, पायांवर नजर लावली आणि जागच्या जागी मांडीपर्यंत तुसात रुतलो.

खाली दिलीपच्या गिरणीतली सगळी माणसं काम सोडून जमली होती.

"बुडालं!" कुणीतरी म्हणालं.

"म्हनलं व्हतं," सोमा म्हणाला. मग त्याला माझी दया आली असावी. तो ताडपत्री घेऊन आला, ढिगावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत अंथरली आणि वर चार बादल्या पाणी ओतलं. "आता जा गुरजी. आता लय पळंल."

पळालं! मी पहिला नियम आठवेपर्यंत निम्मा उतार संपला होता. दुसरा आठवला तेव्हा काठ्या हातात नव्हत्या. तिसऱ्या नियमाप्रमाणे पायांकडे पाहिलं, तर पाय डोक्याच्या वर होते. पायथ्याशी पोती तोलायचा भलामोठा वजनकाटा होता. मी सरळ त्यावर जाऊन आदळलो आणि उजवं पाऊल काट्याच्या चौकटीत अडकलं.

सोमा वाकला आणि काट्यावर बघत म्हणाला, "एकाहत्तर किलो. कोट धरून."

"आई गं!" मी ओरडलो. पुढचं फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की माझ्याजवळ सगळ्यांत आधी सुलभा पोहोचली. ती तर माथ्यावर होती, पायांत फळ्या बांधून. इतक्या लवकर खाली कशी आली, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच. मी अजून 'आई गं'मध्येच होतो.

नाशिकला परत येताना जीपमध्ये मी घरच्यांशी तह केला. घोटी हा शब्द उच्चारायचा नाही. कुणाहीपुढे. कधीही. विज्ञानाच्या शिक्षकाला एवढी अब्रू तरी शिल्लक हवी! हाडांच्या डॉक्टरांना मी सांगितलं, "जिन्यावरून पडलो." त्यांनी माझ्या कॉलरमधून तुसाची चिमूट काढली, उजेडात धरून पाहिली, आणि सज्जन गृहस्थ असल्यामुळे काही न बोलता सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

प्रवासाला तीन आठवडे होते.

त्या रात्री मी म्हणालो, "सुलभा, आता कसं जमणार? जाणं रद्दच करावं लागेल."

ट्रंक उघडी होती. ती आठ दिवसांपासून भरत होती. सुलभाने वरचा स्वेटर उचलला, उलगडला, त्याची परत घडी घातली आणि तो कपाटात ठेवला. मग दुसरा. मग केतकीची कानटोपी. डांबराच्या गोळ्यांची पुडी ट्रंकेतून काढून तिने कपाटात टाकली.

"बरं," ती म्हणाली.

मी पलंगावर पाय उंचावून पडलो होतो, आणि पडलेल्या माणसाला विचार करण्यावाचून इलाज नसतो. काटकसरी माणसाची एक मोठी सोय असते. त्याला 'मला भीती वाटते' असं कधी म्हणावं लागत नाही. 'परवडत नाही' म्हटलं की भागतं. परका मुलूख, मोडकंतोडकं हिंदी, चार लोकांत धडपडून होणारं हसं, या सगळ्याची मला भीती होती. सिमल्याचीही तीच होती. चौदा वर्षं मी पैसे वाचवत होतो असं मला वाटत होतं. वाचवत होतो मी स्वतःला, आणि खर्च होत होती ती सुलभा!

"ते स्वेटर परत ठेव," मी म्हणालो.

"कुठे?"

"ट्रंकेत. जाऊ या."

तिने वळून पाहिलं नाही. पण कपाट इतक्या जोरात उघडलं की वरची बॅग तिच्या डोक्यात पडली.

मनालीला आम्ही उतरलो तो लॉज सगळ्यांत स्वस्त होता, त्यामुळे तिथे नाशिककर भेटणं अटळ होतं. शेजारच्या खोलीत पंचवटीतले एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या पत्नी होत्या. माझी पाठ बघून पोस्टमास्तरांनी पहिलं वाक्य उच्चारलं : "दार लावलंय हो मी." केतकी तिथून निघून गेली.

"आणि पायाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

जिना फार साधा वाटला. "खेळाच्या तासाला एक मुलगा शाळेच्या कौलांवर चढला होता," मी म्हणालो. "घसरला. मी झेलला."

"अहो, काय सांगता!" पोस्टमास्तर उभेच राहिले. त्यांच्या पत्नीने डबा उघडून मला मेथीचा लाडू दिला. हाडांना चांगला म्हणून. पुढचे तीन दिवस रोज सकाळी एक. सुलभा समोर बसून मला तो खाताना बघायची. काही बोलायची नाही. तह तह होता.

चौथ्या दिवशी पोस्टमास्तरांबरोबर निम्मी निम्मी जीप करून आम्ही रोहतांगला गेलो. प्लास्टर भिजू नये म्हणून मी घरून धुऊन आणलेल्या दुधाच्या पिशव्या त्यावर बांधल्या होत्या. मला एका चहाच्या टपरीपाशी खुर्चीत बसवण्यात आलं. समोर पांढराशुभ्र उतार. डोळे दिपत होते.

सुलभा चार पावलं पुढे गेली आणि थांबली. नुसती उभी राहिली. निळ्या कोटातली तिची पाठ मला दिसत होती, 'दार लावून घ्या', आणि ती कितीतरी वेळ हलली नाही. मग वाकून तिने मूठभर बर्फ उचलला, माझ्याकडे आली आणि प्लास्टरमधून डोकावणाऱ्या माझ्या अंगठ्यावर ठेवला.

"बघा," ती म्हणाली. "गार आहे."

मी हो म्हणालो.

तेवढ्यात फळ्या घेऊन एक शिकवणारा पुढे आला आणि त्याने तासाचा भाव सांगितला. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. केतकीने पाहिलं. भाव ऐकून माझा मोडलेला पायही सरळ झाला असता! पण मी म्हणालो, "घे." आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता! केतकीने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

त्या शिकवणाऱ्याने सुलभाच्या पायांत फळ्या अडकवल्या आणि धरायला हात पुढे केला. सुलभाने तो हात पाहिलाच नाही. गुडघे वाकवले, अंग पुढे झुकवलं, नजर समोर लावली आणि निघाली. (शाळेत ती खो-खो खेळायची, हे मला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. मी ते विसरलो होतो. मी बरंच विसरलो होतो.) ती उतारावरून सरळ, डौलात खाली गेली आणि अजिबात न पडता थांबली. मी पूर्ण पैसे मोजून ठेवलेला शिक्षक वर हाताची घडी घालून उभा!

"वाहवा!" पोस्टमास्तर टाळ्या वाजवू लागले. त्यांच्या पत्नीने आनंदाने मला आणखी एक लाडू दिला. मी तो तोंडात टाकला.

वरून शिकवणारा ओरडला, "मॅडम! आप तो सीखी हुई हैं! कहाँ सीखा? गुलमर्ग में?"

सुलभा मागे वळली. गाल लाल, केस मोकळे, डोळ्यांत पाणी, आणि तहातलं एकही कलम तिला आठवत नव्हतं. दोन्ही हात उंचावून, सगळ्या रोहतांगला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली :

"घोटीला! भाताच्या तुसावर! यांनी आधी पाय मोडून दाखवला ना, मग मी सगळं त्याच्या उलट केलं!"