डिस्कचा अभिमान

सत्तरच्या दशकात, कलकत्त्यातील आमच्या परीक्षा विभागाचा जुना संगणक निकालाच्या आदल्याच दिवशी अडला. नवी डिस्क जोडल्यापासून डिस्क चालवणारा कंट्रोलर नव्या-जुन्या कोणत्याच डिस्कला ओळखेना. कंपनीने धाडलेल्या बंगाली अभियंत्याने दाराबाहेर चपला काढल्या, डिस्कच्या पेटीवर तळहात ठेवला आणि मुलाचा ताप पाहावा तसा तो क्षणभर थांबला.

“हिला अभिमान झाला आहे, मोशाय.”

“यंत्राला कसला अभिमान?” मी म्हणालो. “उद्या निकाल लागायचा आहे.”

“तुमचा अभिमान नव्हे, आमचा बंगाली. आपल्याच माणसाने दुखावले की माणूस अबोला धरतो ना, तो. दोघींना एकच क्रमांक दिलात. हाकेला ओ कोणी द्यायची?”

त्याने मागचा खटका फिरवून नवीला दुसरा क्रमांक दिला. दोन्ही डिस्कचे दिवे लागले. निकाल वेळेवर जाहीर झाला.

पुढे काही वर्षांनी ते यंत्र मोडीत निघाले. ते नेताना पाहायला मी खाली उतरलो नाही. सहकाऱ्यांनी त्याला माझा कोरडेपणा म्हटले. तो अभियंता तिथे असता, तर त्याने अचूक शब्द सांगितला असता.