जावईबापू आणि पिक्चरमधला म्हातारा

मंडळी, आज मी चांगलाच अडकलोय.

दुपारी बायको आणि सासऱ्यांना घेऊन टाइम ट्रॅव्हलचा एक पिक्चर पाहिला. नायक मेलेल्या भावाला वाचवायला भूतकाळात जातो, तिथून आणखी मागे जातो, आणि मध्यंतरानंतर पडद्यावर तोच जिकडेतिकडे दिसायला लागतो, वर एक म्हाताराही मधेच येऊन जातो. मला ओ की ठो कळलं नाही.

नंतर मिसळ खायला बसलो. सासरे विंचूरचे. पाव मोडत त्यांनी विचारलं, "जावईबापू, तो म्हातारा कोण होता हो?"

आमच्याकडे जावयाला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. मी ठोकून दिलं, "तोच तो, म्हातारपणीचा."

"मग भाऊ मेला का वाचला?"

"एका काळात मेला, एका काळात वाचला."

"असं हाय होय! लय डोकं लागतंय याला." खूश होऊन त्यांनी तिथूनच माझ्या मेव्हण्याला फोन लावला. "उद्या सगळे या. परत जाऊ. जावईबापू शेजारी बसून समजावतील."

बायको हसू दाबत ताक पीत होती. रिक्षात म्हणाली, "खरं सांगून टाक ना." कसं सांगू? तोवर सासूबाईंचाही फोन आला होता, त्यासुद्धा येतायत.

म्हणजे उद्या तोच पिक्चर, मी मधल्या खुर्चीत आणि दोन्ही बाजूंनी प्रश्न. नायकाला निदान मागे तरी जाता येतं. मलाही फार मागे नाही जायचं, त्या मिसळीच्या टेबलापर्यंतच. "मलाही नाही कळलं," एवढंच म्हणायला.

ते काही जमणार नाही. तेव्हा कोणीतरी सांगा हो, तो म्हातारा कोण होता?